शेवंती हंगामी नाही, तिचं मूळ कचऱ्यात टाकू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गेल्या महिन्यात घरच्या बागेविषयी एक टिपण आलं होतं. हिवाळ्यात अंगणात लावायच्या फुलांची यादी होती आणि झेंडू, ॲस्टर, पिटुनिया यांच्याच पंगतीला शेवंती बसवली होती. शेवटी लिहिलं होतं, की बहर ओसरला की ही हंगामी झाडं उपटून कुंड्या मोकळ्या कराव्यात. झेंडूपुरतं ते बरोबर आहे, ॲस्टरपुरतंही. शेवंतीच्या बाबतीत ते चूक आहे, आणि या चुकीपायी किती जिवंत झाडं कचऱ्यात जातात ते मी देवपुरातल्या आमच्या गल्लीत दर वर्षी बघते. संक्रांतीच्या आसपास घंटागाडी आली की तिच्यात बुडाशी हिरवे कोंब असलेले शेवंतीचे गड्डे मातीसकट पडलेले असतात. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर उन्हाळ्याचा भाग तेवढा कापू नये, एवढी विनंती. खान्देशातल्या माणसाला त्याचीच गरज जास्त आहे.

शेवंती बहुवर्षायू आहे. फुललेली काडी वाळते, पण जमिनीखालचं मूळ जगतं आणि त्यातून नवे कोंब बाहेर पडतात. या कोंबांना काश्या म्हणतात. हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९८९ च्या जानेवारीत, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, नवी सून म्हणून मी अंगण झाडायला घेतलं होतं. तुळशीच्या कट्ट्याशेजारी वाळलेल्या काड्यांचं एक जाळं होतं. ते मी दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि उकिरड्याकडे निघाले. सासूबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणायचो. त्या तिथूनच म्हणाल्या, “फेकू नको वं, मूय जित्तं शे.” मग सूप बाजूला ठेवून उठल्या, माझ्या हातातला गड्डा घेतला, खुरप्याच्या टोकाने माती खरवडली आणि पांढरट हिरवे, करंगळीच्या पेराएवढे चार-पाच कोंब मला दाखवले. ती शेवंती त्यांनी त्यांच्या माहेराहून, पारोळ्याहून आणली होती. पिवळी, बारीक फुलाची. आज माझ्या अंगणात जी फुलते आहे ती त्याच गड्ड्याची. एकदाही विकत आणलेली नाही.

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं, केळीचं. आमच्याकडे घड कापला की केळीचं ते खोड संपतं, पण शेजारी पील उभं असतं आणि त्यावर पुढची पिलबाग घेतात. कोणतं पील ठेवायचं, कोणतं काढायचं, हे लहान पोरालाही समजतं. शेवंतीचंही तसंच आहे. फुललेली काडी म्हणजे घड दिलेलं खोड आणि काशी म्हणजे पील. केळीच्या पिलाला एवढा जीव लावणारी आपली माणसं शेवंतीचं पील फेकून देतात, याचं मला वाईट वाटतं. ती निष्काळजी आहेत असं नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कोणी विचारतं, बी का धरत नाही? शेवंतीच्या एका फुलात खरं तर शेकडो बारीक फुलं असतात. कडेच्या पाकळ्या म्हणजे एकेक फूल, मधला पिवळा डोळा म्हणजे दाटीने बसलेली नळीसारखी फुलं. बी धरलंच तर त्यातून आईसारखं झाड येत नाही, कारण आजची शेवंती अनेक संकरांतून आलेली आहे. पिवळीच्या बियातून कोणत्या रंगाचं काय उगवेल सांगता येत नाही. पारोळ्याची पिवळी पारोळ्याची पिवळीच राहायची असेल तर काशी किंवा छाट कलम, हे दोनच मार्ग.

आता मी काय करते ते सांगते. मार्गशीर्षातले गुरुवार झाले, फुलं काळवंडायला लागली, की सगळ्या काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून कापते. कात्री धारदार हवी, ओढून तोडू नये, कारण ओढताना कोवळा कोंब काडीसोबत निघून येतो. वरची माती हलकेच मोकळी करून ओंजळभर कुजलेलं शेणखत घालते. धुळ्याची जानेवारीतली थंडी शेवंतीला मानवते. कृषी महाविद्यालयातल्या केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण छापता, तेव्हा आम्ही गोधडीत असतो आणि शेवंती जमिनीखाली कामाला लागलेली असते. दोन-तीन आठवड्यांत गड्ड्याभोवती काश्यांची गर्दी होते.

त्या गर्दीकडे नीट पाहिलं तर कळतं, की कोंब मधून कमी आणि कडेने जास्त येतात. मधला भाग जून होऊन लाकडासारखा झालेला असतो. तोच गड्डा दोन-तीन वर्षं न उकरता तसाच ठेवला तर मधे टक्कल पडतं, फूल लहान होत जातं आणि एके वर्षी झाड जातं. मग माणूस म्हणतो, शेवंती आमच्याकडे टिकत नाही. ती टिकते, पण दर वर्षी कडेच्या काश्या नव्या मातीत घालाव्या लागतात आणि मधलं लाकूड काढून टाकावं लागतं. काशी निवडताना बोटभर उंचीची, बुडाशी स्वतःची पांढरी मुळं सुटलेली घ्यावी. ज्या काशीवर आधीच कळी दिसते ती घेऊ नये. ती फुलण्यातच दमते.

मातीबद्दल एक सांगायला हवं. आपली काळी माती कपाशीला सोनं, पण कुंडीत नुसती भरली तर शेवंतीला ती फास होते. पाणी पडलं की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगेत नाजूक मुळं तुटतात. मी एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग जाड वाळू घेते. वाळू चाळून बारीक पूड टाकून देते. कुंडीच्या भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा पालथा ठेवते. बाजारातली कुंडीतली ठेंगणी, गच्च फुललेली शेवंती आणली तर तिच्यात बहुधा नुसता नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो एकदा पूर्ण सुकला की पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी झाडं चार-आठ दिवसांत मान टाकतात ती त्यामुळे. फुलं ओसरली की तीही याच मातीत घ्यावीत. पुढच्या वर्षी ती अचानक गुडघ्याएवढी उंच होतात, त्याने घाबरून जाऊ नये. नर्सरीत उंची रोखण्यासाठी औषध दिलेलं असतं, त्याचा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीला जातं.

आता उन्हाळा. पुण्या-नाशिकच्या लेखांत शेवंतीला भरपूर ऊन द्या असं लिहिलेलं असतं. पावसाळा आणि हिवाळ्यापुरतं ते आपल्यालाही लागू आहे. चैत्र-वैशाखात तोच सल्ला पाळला तर आपल्याकडे काशी जगणार नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, धुळ्यातही फार मागे राहत नाही. त्या उन्हात मातीची कुंडी बाहेरून तव्यासारखी तापते आणि आतली मुळं कुंडीच्या भिंतीलाच चिकटलेली असतात. झाड वरून करपतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते आधी मुळाकडून भाजलेलं असतं.

म्हणून होळी झाली की मी शेवंतीच्या कुंड्या परसातल्या लिंबाच्या झाडाखाली नेते आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरते. भोवताली उसाचं पाचट किंवा वाळला पाला, जे मिळेल ते. सकाळचं नऊपर्यंतचं कोवळं ऊन लागावं आणि पुढे दिवसभर सावली, अशी जागा. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधते आणि दुपारी ते ओलं करते. त्यातून झिरपणारी लू थोडी तरी निवते. खत अजिबात नाही. या दिवसांत झाडाला वाढवायचं नसतं, नुसतं जगवायचं असतं. पानं कमी होतील, उरलेली राखट दिसतील, कोंब हलणार नाही, तरी निराश होऊन पाणी वाढवू नये. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी, तेही सूर्य मावळल्यावर.

पाण्याबद्दल माझी एक चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची तीच होणार नाही. २०१६ च्या मे महिन्यात मी भाचीच्या लग्नाला चार दिवस शहाद्याला गेले. मुलाला सांगितलं होतं, माझ्या शेवंतीला पाणी घाल. तो प्रामाणिकपणे रोज घालत होता, दुपारी जेवण झाल्यावर, गच्चीवरच्या टाकीला जोडलेल्या नळीने. टाकीतलं पाणी तापलेलं, आणि नळीतलं तर त्याहून. पहिली दोन मिनिटं जे येतं ते हात भाजेल असं असतं. मी आले तेव्हा सात कुंड्यांपैकी पाच गेल्या होत्या. माती ओली आणि मुळं उकडलेली. पारोळ्याचा गड्डा त्या वर्षी दोन कुंड्यांवर आला. त्यात पोराचा काही दोष नव्हता, सांगायचं मीच विसरले होते. तेव्हापासून परसात एक जुना माठ ठेवला आहे आणि उन्हाळ्यात शेवंतीला त्यातलंच पाणी. नळ रोज येत नाही, त्यामुळे माठ भरलेला असणं तसंही बरं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर नवा माठ येतो. जुना फोडू नका, शेवंतीला द्या.

मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली, की जगलेल्या काश्या एकदम उठतात. आठ-पंधरा दिवसांत भराभर वाढतात. मग दुसरं काम, छाट कलम. शेंड्याकडचा तीन-चार इंचांचा कोवळा, पण मोडल्यावर कट्‌ वाजेल असा तुकडा घ्यायचा. ज्या सांध्याला पान फुटतं त्याच्या जरा खाली कापायचा, कारण मुळं सांध्यातून लवकर सुटतात. खालची पानं काढायची, वरची तीन-चार ठेवायची. ओल्या वाळूत पेन्सिलीने भोक पाडून त्यात काडी उभी करायची. पेन्सिलीचं भोक अशासाठी, की काडी तशीच खुपसली तर तिचं कोवळं टोक सोलतं आणि तिथून कुजतं. पान वाळूला टेकता कामा नये. मूळ फुटण्याची पूड दुकानात मिळते, मी कधी वापरली नाही. आषाढाच्या हवेत गरजच पडत नाही. पंधरा ते वीस दिवसांत काडी हलकेच ओढून बघावी. धरून ठेवते आहे असं वाटलं की मुळं सुटली. आमच्याकडे कानबाईच्या रोटांची धांदल सुरू होते, त्याच सुमाराला माझी कलमं कुंडीत जायला तयार असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. वाळूतून काढायचा दिवस मी त्यावरूनच लक्षात ठेवते.

शेंडा खुडण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पोसलेल्या झाडाचा शेंडा मोडायला हात धजत नाही. पण झाड वीतभर झालं की शेंड्याचे दोन पेर खुडावेतच. मग बाजूच्या फांद्या फुटतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांचेही शेंडे खुडावेत. पोळ्याच्या सुमाराला खुडणं थांबवावं, नाहीतर येणारी कळीच हातून जाते. पिवळ्या बारीक शेवंतीचं माझं न खुडलेलं झाड एकदा हातभर उंच होऊन वाऱ्याने आडवं झालं आणि त्यावर जेमतेम वीसेक फुलं आली. शेजारच्या खुडलेल्या झाडाची फुलं मी मोजणं सोडून दिलं. आधाराला तुराट्या लावते.

श्रावण-भाद्रपदातल्या झडीत खालची पानं पिवळी-काळी पडतात. मातीचे थेंब पानांवर उडतात आणि त्यासोबत रोग चढतो. कुंडीवर गव्हाचा भुसा पसरला की थेंब उडत नाहीत. पाणी घालताना झाडावरून धार सोडू नये, बुडाशी घालावं. ढगाळ हवेत शेंड्यांवर काळा मावा येतो. त्यावर निंबोळी अर्क, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेली, त्यात साबणाची चिमूट. संध्याकाळी फवारते. निंबोळ्या आमच्या गल्लीत पायाखाली पडलेल्या असतात, त्या जूनमध्येच गोळा करून वाळवून ठेवते.

आता ज्या गोष्टीने मला दोन वर्षं छळलं ती. आमच्या कंपाउंडबाहेरच्या खांबावर नवा, पांढऱ्या उजेडाचा दिवा लागला. गल्लीला उजेड हवाच होता, रात्री क्लासहून येणाऱ्या मुलींना त्याचा आधार आहे, तक्रार काहीच नाही. पण त्या वर्षी रस्त्याकडेच्या भिंतीलगत ठेवलेल्या माझ्या सहा कुंड्या पानांनी गच्च भरल्या आणि दसरा आला तरी कळी नाही. खत जास्त झालं असेल म्हणून खत बंद केलं. पाणी कमी केलं. काही नाही. मागच्या परसातल्या, त्याच गड्ड्याच्या दोन कुंड्यांवर मात्र बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या. शाळेत मुलांना शिकवलेलं तेव्हा आठवलं. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवून दिलं होतं, की काही झाडांचं फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. शेवंती त्यातलीच. दिवस लहान आणि रात्र मोठी होत गेली की तिला कळी धरते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर बारा तासांवर येतो, डिसेंबरात अकराहूनही थोडा कमी होतो. शेवंतीला लागते ती सलग काळोखाची रात्र. माझ्या भिंतीवरच्या शेवंतीला रात्र होतच नव्हती. फुलशेती करणारे शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीची कळी लांबवतात, ते याच कारणाने.

खात्री करायची म्हणून पुढच्या वर्षी मी घटस्थापनेला सहापैकी तीन कुंड्या परसात नेल्या, तीन तिथेच ठेवल्या. परसातल्या तिन्हींवर दिवाळीच्या दिव्यांत कळ्या दिसल्या आणि मार्गशीर्षात त्या फुलल्या. दिव्याखालच्या तिन्हींवर भिंतीच्या सावलीकडच्या अंगाला तेवढी थोडी फुलं आली, उजेडाकडचं अंग हिरवंच राहिलं. एकाच झाडाचं एक अंग फुललेलं आणि एक आंधळं, असं मी पहिल्यांदा पाहिलं. ज्यांच्या बाल्कनीसमोर खांब आहे, किंवा ज्यांच्या ओट्यावरचा दिवा रात्रभर जळतो, त्यांनी पोळ्यानंतर शेवंती घरामागे न्यावी. जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला झाडावर काळ्या कापडाची खोळ घालावी आणि सकाळी सातला काढावी. कळ्या रंग दाखवायला लागेपर्यंत रोज, एकही दिवस न चुकवता. कटकटीचं आहे, पण फूल येतं.

माझ्या मनात वाणाची एक गोष्ट बरीच वर्षं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, रुमाल लुटतो. संक्रांत ते रथसप्तमी हेच शेवंतीच्या काश्या फुटण्याचे दिवस. मी २०१९ ला एकतीस बायकांना करवंटीत माती घालून मुळासकट एकेक काशी वाण दिली. सगळ्या खूश होऊन घेऊन गेल्या. पुढच्या मार्गशीर्षात विचारलं तर नऊ जणींकडे ती जगली होती. बाकीच्यांकडे बहुतेक एप्रिल-मेमध्येच गेली. चूक माझी होती. एवढीशी काशी एवढ्याशा करवंटीत खान्देशचा उन्हाळा काढू शकत नाही. तिला आईच्या मोठ्या गड्ड्यात राहू दिलं असतं तर ती राहिली असती. आता मी पद्धत बदलली आहे. ज्यांच्याकडे जमीन किंवा मोठी कुंडी आणि सावली आहे त्यांना संक्रांतीलाच देते, सोबत उन्हाळ्यात काय करायचं त्याची चिठ्ठी. बाकीच्यांची नावं वहीत लिहून ठेवते आणि आषाढात मुळं सुटलेलं कलम देते. तेव्हा दिलेलं कलम क्वचितच मरतं. गेल्या वर्षी वहीतल्या अठरा जणींना दिलं, त्यातल्या पंधरा जणींनी दिवाळीनंतर मला फुलं आणून दाखवली. एकीने तर तिचीच काशी यंदा दुसरीला वाण म्हणून दिली.

म्हणून संपादकांना विनंती, की शेवंतीबद्दल छापायचं तर ऑक्टोबरात नको. ऑक्टोबरात लोक फुललेली कुंडी विकत आणतात, त्यांना तेव्हा काही सांगून उपयोग नसतो. एकदा संक्रांतीच्या आधी छापावं, फुलं ओसरलेली कुंडी हातात असताना. आणि एकदा होळीला, कुंड्या सावलीत नेण्यासाठी. दोन्ही वेळा चार ओळी पुरतील.

शेवटी वाचकांकडे एक मागणं आहे. आमच्या माहेरी, मळ्यातल्या विहिरीच्या थाळ्यापाशी एक पांढरी शेवंती होती. फूल रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं, मधला डोळा हिरवट, आणि संध्याकाळी तिच्याजवळून गेलं तर काहीसा कडवट, ओव्यासारखा वास यायचा. गुरुवारच्या पूजेला माय तिचाच हार करायची. हल्ली बाजारात झिप्री, राजा, रेवडी या नावांनी पांढरी-पिवळी फुलं मिळतात, एकवीरा देवीच्या बाहेरच्या टोपल्यांत मी दर वर्षी बघते, पण ती तशी नाहीत. विहीर बुजवली, मळ्यात केळीची नवी लागवड झाली, तेव्हा ती गेली. मी त्या वेळी धुळ्यात नोकरीत होते आणि एक काशी आणून ठेवावी हे मला सुचलं नाही. माय असेपर्यंत ती दर हिवाळ्यात विचारायची, तुझ्याकडे लावली होतीस ना गं? मी नाही म्हणायचे.

तापीकाठच्या कोणत्या गावात, चोपडा, यावल, शिरपूर, शिंदखेडा, कुठेही, कोणाच्या परसात अशी हिरव्या डोळ्याची पांढरी शेवंती अजून असेल, तर त्यांनी ती उपटू नये आणि आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं. मी स्वतः येऊन एक काशी घेऊन जाईन. बदल्यात पारोळ्याची पिवळी आणीन. यंदा कुंड्या अकरा आहेत.

आपली,
एक जुनी वाचक, निवृत्त शिक्षिका
देवपूर, धुळे